निमंत्रक, समस्त भावकी

समस्त कोल्हापूरकर, कागल तालुक्यातले सगेसोयरे, डेअरीला दूध घालणारे आणि घरबसल्या ते पिणारे अशा सर्वांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्याकडे एक पुस्तक झाले आहे. पुस्तक आणि लेखिका दोन्ही सुखरूप आहेत. पहिली आवृत्ती लेखिकेच्या गावातच संपली असून कोल्हापूर शहराच्या वाट्याला एकही प्रत आलेली नाही. शहराने मन घट्ट करावे.

आता हे कसं झालं ते सांगतो. बसा.

राजारामपुरीत माझा गणिताचा क्लास आहे. रविवारी दुपारी बाकं रिकामी असतात, म्हणून तिथं लिहिणारी माणसं जमतात. आम्ही मंडळ काढलेलं नाही. मंडळ काढलं की अध्यक्ष लागतो, आणि कोल्हापुरात अध्यक्ष एक मिळत नाही, एकदम चार मिळतात. आमची आहे ती भिशी. बायका भांड्यांची भिशी लावतात, तशी ही पुस्तकांची. सगळ्यांनी जमेल तसं घालायचं, ठरलेल्या रविवारी चिठ्ठी काढायची, आणि जिचं किंवा ज्याचं नाव निघेल त्याचं पुस्तक छापायचं. प्रकाशकाकडं हस्तलिखित पाठवून पोस्टमनच्या तोंडाकडं बघत बसण्याचा आमच्यापैकी बहुतेकांना दांडगा अनुभव होता. आम्ही ठरवलं, आपलं लग्न आपणच लावू.

प्रूफं तपासायला आमच्याकडं एक मावशी आहेत. सगळा जन्म नर्स म्हणून काढला, त्यामुळं त्या वाक्याची नाडी बघतात. "ह्याला धाप लागलीय, मधे स्वल्पविराम द्या," म्हणतात. माझ्या एका लेखावर त्यांनी नुसतं "पथ्य पाळा" असं लिहून दिलं होतं.

छपाईचं काम करतात आमचे एक जैन मित्र. त्यांच्या आजोबांपासून लग्नपत्रिकांचा छापखाना. अर्ध्या जिल्ह्याचे संसार त्यांच्या यंत्रातून निघाले आहेत. पुस्तक हा प्रकार त्यांच्या दृष्टीनं म्हणजे जरा जास्त पानांची पत्रिका.

आणि कागलकडच्या एका गावातून यायच्या त्या ताई. सकाळची धार काढून, दूध डेअरीला घालून, बसनं यायच्या आणि शेवटच्या बाकावर बसायच्या. बरेच रविवार नुसत्या ऐकत होत्या. एकदा मी विचारलं, "ताई, तुम्ही काही लिहिता की आमची परीक्षा घ्यायला येता?"

"लिवतो की," त्या म्हणाल्या. "पर तुमच्यासारखं मोठ्यांदा न्हाय."

त्यांनी वाचलं. म्हशीची, पाटाच्या पाण्याची, बाजाराची गोष्ट. आणि मग एका घराची. दोन जावा, दोघींच्या मधे वाटणीनंतर घातलेली भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी ऐकू येणारी एकमेकींची बांगडी. गोष्ट संपली. मावशींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "हिला काही औषध नको. तब्येत ठणठणीत आहे."

पुढच्या चिठ्ठीत नेमकं ताईंचं नाव निघालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. ताई मात्र उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दुसरी काढा."

"का हो?"

"ती गोष्ट आमच्या घरची हाय. आक्का माझी थोरली जाऊ. वाटणी झाल्यापासनं बोलत न्हाय ती माझ्यासंगं. आता ह्ये छापून आलं तर मेल्यावरबी बोलायची न्हाय."

"मग ती तेवढी गोष्ट काढून टाकू," कुणीतरी म्हणालं.

"ती काढली तर पुस्तकात म्हशी तेवढ्या उरत्यात," ताई म्हणाल्या.

खरं होतं ते. दोन तास वाद घालून आम्ही त्यांना तयार केलं. पण त्यांनी अट घातली. प्रकाशन गावातच करायचं, लपूनछपून नाही. आणि आक्काच्या कानावर गोष्ट गेल्यावर तिनं नुसती मान जरी फिरवली, तरी सगळ्या प्रती पोत्यात भरून माळ्यावर टाकायच्या, एकही विकायची नाही. "पुस्तक काय, परत लिवता येतंय," त्या म्हणाल्या. "जाऊ परत मिळत न्हाय."

मी "कबूल" म्हटलं. पैसे माझ्या एकट्याचे नव्हते, भिशी सगळ्यांची होती.

छापखानेवाल्यांनी पुस्तक देखणं काढलं. सोबत प्रकाशनाची निमंत्रणपत्रिकाही हौसेनं छापली. मला गठ्ठा मिळायच्या आधीच ताईंचा फोन आला. आवाज एकदम खाली.

"सर, पत्रिका बघितली का?"

"अजून नाही. का?"

"बघा. आन् मग मला सांगा, मी माहेरला जाऊ का हिरीत उडी मारू."

मी स्कूटर काढून छापखाना गाठला. पत्रिका हातात घेतली. वर गणपती. खाली, "आमचे येथे श्री कृपेकरून पुस्तक प्रकाशनाचा मंगल सोहळा योजिला आहे." इथवर मला आनंदच झाला. त्याच्याखाली ठळक अक्षरांत निमंत्रक म्हणून भावकीची सगळी नावं, वयानं, मानानं लावलेली. आणि सर्वांत वर, ताईंचे थोरले दीर आणि थोरली जाऊ.

"ही नावं कुणी दिली?" मी विचारलं.

"द्यायला कशाला पाहिजेत?" छापखानेवाले म्हणाले. "ताईंच्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका माझ्याकडंच छापलीय. त्यावरनंच उचलली. एक नाव चुकलेलं न्हाय, बघून घ्या."

"अहो, त्या दोन घरांचं बोलणं बंद आहे."

"मग? बोलणं बंद असंल म्हणून पत्रिकेत नाव न्हाय घालायचं? ह्यो कुठला न्याय, पावणं? भावकी म्हंजे भावकी. नाव गाळलं असतं तर मग खरा तंटा झाला असता."

"बरं, त्या पत्रिका वाटू नका. दुसऱ्या छापू."

त्यांनी शाईचे हात पुसले. "थोरल्या घरी मीच देऊन आलोय काल. ताईंचा गठ्ठा द्यायला गेलतो, वाटंतच घर हाय. हळदकुंकू लावून, अक्षता देऊन, रीतसर."

मी पत्रिका पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. एक नाव खरंच चुकलेलं नव्हतं.

ज्यांना इकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्रिकेत निमंत्रक म्हणून नाव आलं की तो माणूस पाहुणा राहत नाही. कार्य त्याचं होतं. फेटा बांधून दारात उभं राहायचं, आल्यागेल्याला या म्हणायचं, जेवल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही. नाव छापलेलं असून जो येत नाही, त्याच्या घरच्या पुढच्या कार्याला गाव जात नाही. म्हणजे ज्या गोष्टीत आक्का खलनायिका होती, त्या गोष्टीच्या सोहळ्याची ती यजमानीण झाली होती. आणि गोष्टीत काय आहे हे तिला माहीत नव्हतं.

"आता प्रकाशनात ती गोष्ट वाचायची नाही," मी ताईंना फोनवर म्हटलं. "म्हशीची वाचा. म्हैस तक्रार करत नाही."

"न्हाय सर," ताई म्हणाल्या. "आता तीच वाचतो. दुसऱ्या कुणी जाऊन सांगितलं तर ते चुगली व्हईल. माझ्या तोंडनंच ऐकू दे तिला."

गावातल्या समाजमंदिरात आम्ही पोचलो तेव्हा मांडव घातलेला होता. मांडव कुणी घातला म्हणून विचारलं, तर थोरल्यांनी. दारात थोरले फेटा बांधून उभे होते, बाजूला ठेवणीतली इरकल नेसलेली एक उंच बाई हातात साखरेचं तबक घेऊन. मावशी माझ्या कानात पुटपुटल्या, "हीच ती. रक्तदाब बघायची सोय हवी होती."

आक्कांनी माझ्या हातावर साखर ठेवली. "या पावणं. कार्य आमच्यातलंच हाय. जेवल्याबिगर हालायचं न्हाय."

"तुमच्या जाऊबाईंनी छान लिहिलंय," मी म्हटलं. जीभ माझी कधीच माझ्या ताब्यात नसते.

"ती लिवतीया, मी साखर वाटतोय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पाहुण्याकडं वळल्या.

ताई स्टेजवर होत्या. खाली एवढी भावकी, एवढे सोयरे, एवढी पोरं, की आमच्या कवितेच्या कार्यक्रमांना वर्षभरात मिळून एवढी माणसं येत नाहीत. पत्रिका पोचली होती ना, रीतसर. लोक लग्नाला यावेत तसे आले होते. एका म्हाताऱ्यानं मला "नवरदेव कोणता?" म्हणून विचारलं. मी पुस्तकांच्या गठ्ठ्याकडं बोट केलं. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "बारीक हाय, पर चालंल."

ताईंनी वाचायला सुरुवात केली.  वाटणीचा प्रसंग आला. भांडी मोजून दोन्हीकडं गेली, गोठ्याला मधे काठी लावली, आणि शेवटी पाटा राहिला धाकटीच्या बाजूला आणि वरवंटा गेला थोरलीच्या. गोष्टीत लिहिलं होतं की थोरलीनं रागानं वरवंटा उचलून नेला. मग कित्येक वर्षं एकीच्या मागच्या परड्यात नुसता पाटा आणि दुसरीच्या परड्यात नुसता वरवंटा. दोघींनी मिक्सर घेतले, पण पाटा कुणी हलवला नाही आणि वरवंटाही कुणी टाकून दिला नाही. रोज सकाळी धाकटी पाटा धुवायची, वाटायला काही नसताना.

बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. मी आक्कांकडं बघत होतो. तबक मांडीवर, मान ताठ, तोंडावर काहीच नाही. ताईंनी शेवटची ओळ वाचली आणि कागदातून डोळे वर काढलेच नाहीत.  सगळा मांडव थोरलीकडं बघत होता.

आक्का उठल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी मनातल्या मनात पोती मोजायला लागलो. छापखानेवाले माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी माझा हात धरला. आक्का दाराकडं गेल्या नाहीत. सरळ स्टेजच्या पायऱ्या चढल्या. साखरेचं तबक ताईंच्या पुढ्यात ठेवलं, चिमूटभर साखर घेतली आणि धाकटीच्या तोंडात घातली. ताईंच्या हातातले कागद खाली पडले. मांडव एकदम उसळला. मावशी तर खुर्चीवर उभ्या राहिल्या, ह्या वयात. पण आक्कांनी हात वर केला, माइक स्वतःकडं ओढला आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाल्या, "वरवंटा मी न्हेला न्हवता, हिच्या नवऱ्यानं आणून टाकला हुता माझ्या दारात. गोष्ट झ्याक हाय, पर निम्मी खोटी हाय. खरी मी लिवतो आता, थांबा जरा."