‘भगवती’चं वजन

ज्या गोष्टीचं वजन करता येत नाही तिच्यावर माझा विश्वास नाही, असं मी नेहमी म्हणत आलो. नोकरी फॅक्टरीच्या कॉस्टिंग विभागात, म्हणजे दिवसभर किलो, लिटर आणि टक्केवारी. घरात देवपूजा बायको करते, मी हात जोडतो आणि ऑफिसला निघतो. भूत, भास, संकेत असले विषय निघाले की मी पेपर उघडायचो. तेव्हा खाली लिहिलेलं वाचून कोणी हसलं तर माझी हरकत नाही. त्यांच्या जागी मीही हसलो असतो.

आम्ही मूळचे बेळगावचे. १९८० पासून बेंगळुरात, आणि हे घडलं तेव्हा, म्हणजे १९९६ साली, जे. पी. नगरात राहत होतो. मला एक छंद आहे — जुन्या लाकडी मच्छीमार ट्रॉलरची मॉडेल्स करायची. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला हा छंद कसा लागला, असं सगळे विचारतात. कंपनीच्या कामासाठी एकदा किनाऱ्यावर गेलो होतो. तिथे वाळूत एक म्हातारी बोट उभी होती, फळ्या सुटलेल्या... तिची लांबी-रुंदी पावलांनी मोजून घेतली आणि घरी येऊन सागवानाच्या तुकड्यांतून ती केली. त्यानंतर थांबलोच नाही. नुसती बोट करून माझं भागत नाही. ती कुठल्या खाडीत बांधली, इंजिन कधी बदललं, कोणाकडून कोणाकडे गेली, हे सगळं शोधल्याशिवाय मी करवत उचलत नाही. त्यामुळे किनाऱ्यावरच्या बंदरांत माझ्या बऱ्याच ओळखी झाल्या होत्या.

माझी मॉडेल्स टबमध्ये खरोखर तरंगतात. त्यासाठी तळाशी शिसं किती घालायचं याचा हिशेब लागतो, म्हणून प्रत्येक मॉडेल पुरं झालं की मी त्याचं वजन करतो आणि आकडा पेन्सिलने तळावर लिहितो. तराजू चिकपेटेतून आणलेला, दोन पारड्यांचा, पाच ग्रॅमचा फरक दाखवणारा. बायको, सुनंदा, म्हणायची, “पोरींच्या जन्माच्या वेळी एवढं वजन बघितलं नाहीत.”

माझ्या सेक्शनमध्ये सदानंद नावाचा मालवणकडचा माणूस होता. के. आर. पुरमला भाड्याच्या घरात राहायचा. त्याचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, चाळीस वर्षं तांडेल होते — म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, सुकाणू त्याच्या हातात. स्वतःचा ट्रॉलर होता, ‘भगवती’ नावाचा. आबांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. ते हॉस्पिटलात असताना सदानंदने बोट विकली. विकत घेणारा कारवारकडचा व्यापारी जुन्या बोटी मोडून इंजिन आणि लाकूड विकणारा होता. हॉस्पिटलचं बिल भरायला सदानंदपुढे दुसरा मार्ग नव्हता. पण आबांना त्याने विचारलं नाही, सांगितलं ते नंतर. त्या दिवसापासून आबा मुलाशी बोलेनासे झाले. बेंगळुरात आणल्यावरही नाही. दोन वर्षं झाली होती. चहा हवा असला तरी सुनेला सांगायचे, आणि सदानंद शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असायचा.

एकच प्रश्न ते सुनेकडून मुलाला विचारत — ती पाण्यात आहे की किनाऱ्यावर? लाकडी बोट जमिनीवर उभी राहिली की सुकते, फळ्या आकसतात, सांधे उघडतात. दोन पावसाळे तशी राहिली तर संपली. सदानंदची खात्री होती की ती केव्हाच मोडली गेली. पण हे बोलायचं धाडस त्याला होत नव्हतं. तो म्हणायचा, चौकशी चालू आहे.

मॉडेल करायची कल्पना त्याचीच. म्हणाला, निदान हातात धरायला काहीतरी असेल त्यांच्या.

एक फोटो होता, तोही समोरून काढलेला. मापं आबांकडूनच घ्यावी लागणार होती. रविवारी मी के. आर. पुरमला जाऊ लागलो. आबा माझ्याशी छान बोलायचे, पण सगळी मापं हातांत — कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. लांबी पंचवीस हात म्हणाले. मी विचारलं, कोणाचा हात? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सूर्य कुठला असं विचारलं. शेवटी टेप काढून त्यांचा उजवा हातच मोजला. सव्वाअठरा इंच. पंचवीस हात म्हणजे अडतीस फूट. एकास चोवीस प्रमाणात मॉडेल एकोणीस इंचांचं. सूनबाई म्हणाली, “भावजी, शिंप्याकडे सुद्धा एवढं मोजत नाहीत हो.” आबा हसले. सदानंद आतल्या खोलीत होता, तो दारापर्यंत येऊन परत गेला.

चार महिने लागले. फेब्रुवारीच्या मध्यावर ‘भगवती’ तयार झाली. रंग पूर्ण वाळू दिला आणि वजन केलं — एक किलो एकशे दहा ग्रॅम. तळावर आकडा लिहिला आणि ती बाकीच्या मॉडेल्सच्या शेजारी फळीवर ठेवली. पुढच्या रविवारी द्यायची होती, पण सदानंदच्या घरी पाहुणे आले, म्हणून बेत एक आठवडा पुढे गेला. तेवढ्यात मी तिच्या नावाची पट्टी नव्याने करून लावली. काही बदललं की पुन्हा वजन करायचं हा माझा नियम. पट्टी फार तर दोन ग्रॅमची.

एक किलो एकशे साठ.

मला वाटलं, मागच्या वेळी मीच चुकलो. दोन दिवसांनी पुन्हा ठेवली. एक किलो दोनशे.

आता मी नीट बसलो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या अण्णांकडून शिक्क्याची वजनं मागून आणली. “स्वल्प बेगा तंदुकोडी सर,” म्हणाले, लवकर परत द्या, गिऱ्हाईक येतं. तराजू बरोबर होता. फळीवरची बाकीची मॉडेल्स एकेक करून ठेवली. सगळी तळावरच्या आकड्याशी जुळली. हवा दमट असेल म्हणावं तर ते दिवस कोरडे, घराच्या सागवानी दाराला फट पडलेली. लाकूड हलकं व्हायला हवं होतं. डेकवरचं झाकण उघडून टॉर्चने आत बघितलं, हाताचं बोट फिरवलं — कोरडं ठणठणीत. घरात तिला कोणी हात लावला नव्हता. सुनंदाला विचारलं तर ती म्हणाली, “बसून बसून तुमचंच वजन वाढलंय. तिच्यावर कशाला घालताय?” पण पारड्यात दुसऱ्यांदा तिनेच ठेवून बघितली.

दोनशेवर आकडा थांबला. पुढे वाढला नाही.

रविवारी स्कूटरवर सुनंदा मागे, तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली ‘भगवती’, असे आम्ही सगळं शहर ओलांडून के. आर. पुरमला गेलो. वजनाबद्दल मी तिथे काहीही बोललो नाही. काय बोलणार?

आबा खिडकीशी बसले होते. मी मॉडेल त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी उजवा हात आधी नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, फिरवला, मग तळाखाली घातला आणि ती उचलली. मांडीपासून चार बोटं वर. तशीच धरून राहिले. खाली ठेवेनात. सून पुढे झाली, तिला त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

मग सदानंदकडे वळून ते म्हणाले, “सदा, ही पाण्यात आसा रे.”

दोन वर्षांतला मुलाशी बोललेला हा पहिला शब्द. मग म्हणाले, “खय आसा ता बघ.”

सदानंद मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि तिथेच पायरीवर बसला. म्हणाला, “आता काय करू? शोधायला गेलो आणि मोडलेली निघाली, तर पुन्हा ते माझ्याशी बोलायचे नाहीत. आणि नाही शोधली, तर रोज विचारणार.” मी म्हटलं, शोधतो मी. बोटी शोधणं हेच तर इतकी वर्षं करत होतो.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर एस.टी.डी. बूथमध्ये शिरलो. पहिल्या बंदरातल्या ओळखीच्या माणसाला काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्याने व्यापाऱ्याचा पत्ता लावला, आणि दोन दिवसांनी व्यापाऱ्याकडून कळलं की इंजिन त्याने काढून विकलं, पण बोटीचा सांगाडा चांगला निघाला म्हणून मोडला नाही. अंकोल्याजवळच्या खाडीतल्या एका मच्छीमाराला दिला. त्या खाडीत बोटी दुरुस्त करणारा एकजण माझ्या ओळखीचा होता. त्याने फोनवर सहज सांगितलं — हो, अडतीस फुटी, जुनी मालवणची. दीड वर्ष किनाऱ्यावर उभी होती. फळ्या बदलल्या, दुसरं इंजिन बसवलं, आणि शिमग्याआधी पाण्यात ढकलली.

मी विचारलं, कुठल्या दिवशी?

त्याने हिशेब करून सांगितलं. माझ्या पहिल्या दोन वजनांच्या मधला गुरुवार होता तो. म्हणाला, सुकलेली बोट लगेच बाहेर नेत नाहीत. काही दिवस उथळ पाण्यात बांधून ठेवतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आपोआप आवळतात. मग जाते.

मी विचारलं, एवढी बोट किती पाणी पिते? तो म्हणाला, कोण मोजतं, पण टनभर तरी.

बूथमधून बाहेर येऊन फुटपाथवरच उभा राहिलो. माझी बोट नव्वद ग्रॅमने जड झाली होती. एकास चोवीस प्रमाणात वजन चोवीसच्या घनाने वाढतं. तो गुणाकार माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात न मागता होतो. सव्वा टन.

सदानंद आबांना घेऊन अंकोल्याला गेला. परत आल्यावर त्याने सांगितलं की नाव बदललंय, हिरवा रंग दिलाय. आबा धक्क्यावरून बराच वेळ बघत राहिले, बोटीवर मात्र चढले नाहीत. नवीन मालक चला म्हणाला तर म्हणाले, आता ती तुझी, माझा पाय कशाला. मग मुलाला म्हणाले, रंग वाईट काढलानी. जेवताना सदानंदच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देऊ लागले, एका हाताने, लहानपणी द्यायचे तसे. सदानंद बेचाळीस वर्षांचा होता तेव्हा. हे सांगताना तो माझ्याकडे न बघता फाइल चाळत होता.

त्यानंतर त्या घरात बोलणं सुरू झालं. भांडणंही सुरू झाली, सूनबाई म्हणायची, आधीच बरं होतं.

मी हे मोजक्याच लोकांना सांगितलं. फिजिक्स शिकवणारा एक मित्र म्हणाला, लाकडाने ओलावा धरला असेल. मग शेजारच्या सात मॉडेल्सनी का धरला नाही? रंगाचं म्हणावं तर रंग वाळताना हलका होतो. योगायोग म्हणावा तर... किती योगायोग एकावर एक ठेवायचे? माझ्याकडे दोन आकडे आहेत, आणि त्यांच्यामधला फरक कुठल्या खात्यात टाकावा हे मला आजही कळलेलं नाही.

आबांना एकदा विचारलं होतं. सदानंद त्यांच्या पायांना तेल चोळत होता. मी म्हटलं, आबा, तुम्हाला कसं कळलं?

“तुमी वजन करून बघलात,” ते म्हणाले, “मी हातात घेवन बघलंय. दोघांकव तेवढांच कळलां.”