'अयोग्य'मधला 'अ'

आमच्या लॅबमध्ये तपासून झालेलं पाणी ओतून देता येतं. किस्से ओतता येत नाहीत, ते साचतच जातात. मी नगरच्या पाणी तपासणी लॅबमध्ये वरिष्ठ रसायनी आहे. पात्रता: एम.एस्सी. आणि बारा वर्षांचा अनुभव. कर्तव्य: विहिरी-बोअरचं पाणी तपासायचं, 'पिण्यास योग्य' की 'अयोग्य' ते लिहायचं आणि खाली सही करायची. त्या सहीवर विश्वास ठेवून अख्खं गाव पाणी पितं, त्यामुळे सहीच्या बाबतीत मी महाखडूस आहे.

कर्तव्यांच्या यादीत शेवटची ओळ आहे, 'वरिष्ठ सांगतील ती इतर कामे'. ही ओळ ज्यानं लिहिली ना, त्याला मला एकदा भेटायचंय!

* * *

दारावरची 'वरिष्ठ रसायनी' ही पाटी वाचून एक आजोबा आत आले. "युरियाच्या दोन गोन्या पायजेत."

"आजोबा, इथे खत मिळत नाही."

"मंग भायेर रासायनिक लिवलंय कशाला? इथं मिळतं तरी काय?"

आमचे लॅब अटेंडंट शेखभाई बाटल्या धुता धुता म्हणाले, "मॅडमची सही मिळते, बाबा. पन ती युरियापरीस अवघड हाय!"

* * *

मुंबईहून मोठे अधिकारी पाहणीला येणार होते. मी आठवडाभर जागून रिपोर्टची फाईल तयार केली. आदल्या दिवशी आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, उद्या लिंबू सरबताचं तेवढं तुम्ही बघा. केमिस्ट्रीवाल्या तुम्ही, प्रमाण चुकायचं नाही!"

मीटिंगमध्ये माझी फाईल वाचून दाखवायला बसला कोण? माझ्या हाताखाली कालपरवा आलेला बी.एस्सी.! पाहुण्यांनी विचारलं, "रिपोर्ट छान आहे. वरिष्ठ रसायनी कुठे आहेत?"

मी दारातूनच म्हटलं, "ही काय, साखर ढवळतेय!"

संताप असा आला होता की सरबतात मीठच घातलं नाही.

* * *

नेवाशाच्या बाजूचं एक गाव. नाव नको. तिथले ग्रामपंचायतीचे शिपाई विहिरीच्या पाण्याचा नमुना घेऊन आले, कोल्ड्रिंकच्या बाटलीत. पाण्याला संत्र्याचा वास!

"काळजी नका करू मॅडम, बाटली पावडरनं धुतलीय. फेस येस्तवर!"

मी त्यांना लॅबची बाटली दिली आणि परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी नमुना आला. तपासला, तर त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. आपल्या भागातल्या विहिरीला असं पाणी? शक्यच नाही!

"दादा, खरं सांगा, हे विहिरीचं आहे?"

"न्हाई, फिल्टरचं हाय. तुमच्याकडं द्यायचं म्हनून चांगलं आनलं. पाव्हन्याला कुनी गढूळ पानी देतं का?"

आता या माणसावर रागवायचं तरी कसं? मीच गाडी काढली.

* * *

विहीर बघितली आणि डोकं फिरलं. काठाला लागूनच सरपंचांचा गोठा, चाळीस गाईंचा. शेणामुताचं सगळं पाणी थेट विहिरीकडे मुरत होतं, आणि त्याच विहिरीवर अंगणवाडीचा नळ! नमुना मी स्वतः भरला. नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. मोठी माणसं एकवेळ निभावून नेतात, पण तान्ह्या बाळाच्या दुधात हे पाणी गेलं तर बाळ निळं पडतं. मी 'अयोग्य' लिहिलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. समोर सरपंच बसलेले, टेबलावर माझा रिपोर्ट.

"मॅडम, फार काही बदलायचं नाहीये. फक्त 'अ' खोडायचा. एक अक्षर!"

"सर, आकडे तेच ठेवून?"

"आकडे कोण वाचतंय? आणि बदल्यांची यादी माझ्याच टेबलावरून जाते, लक्षात आहे ना?" साहेबांनी पेन उघडून माझ्यापुढे धरलं.

सरपंच समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, पानी अयोग्य ठरलं तर गोठा हलवावा लागंल. आन् पान्याला काय झालंय? आमचा आजा हेच पानी पिऊन नव्वद वर्सं जगला. आमी बी हेच पितो. काय झालं आमाला?"

"खरंय. घरात लहान कुणी आहे?"

सरपंचांचा चेहरा एकदम खुलला. "हाय की! नातू. पाच महिन्यांचा. लई गोड हाय."

"मग तोही हेच पाणी पीत असेल."

"छ्या!" सरपंच पटकन म्हणाले. "त्याला कशाला? त्याला पयल्यापास्नं जारचं!"

मी साहेबांच्या हातातलं पेन घेतलं, 'अ' दोनदा गिरवला आणि खाली सही केली.