कस्तुराबाईची माळ

निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली, पण सोनारीत कस्तुराबाईच्या घरातलं सोवळं कुणाला विलीन करून घेता आलं नव्हतं. सून सारजाबाईला कावळा शिवला की तिचा मुक्काम चार दिवस गोठ्याजवळच्या पडवीत. तिची सावली चुलीवर पडली तरी म्हातारी चूल पुन्हा सारवून घेई.

अशा बाईला दुष्ट म्हणून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. सुनेवर तिचा जीव होता. चौथ्या बाळंतपणात सारजा मरता मरता वाचली, आणि उस्मानाबादच्या डॉक्टरांनी बजावलं की पुन्हा दिवस राहिले तर बाई हाती लागणार नाही. तेव्हापासून म्हातारीची झोप उडाली. त्यातच कुटुंबनियोजनाच्या नर्सबाई गावात येऊन रंगीत मण्यांची माळ देऊन गेल्या. कावळा शिवेल त्या दिवसापासून रोज एक मणी सरकवायचा. लाल मणी आले की नवऱ्यानं लांब राहायचं, हिरवे आले की काळजी नाही.

एवढी मोलाची वस्तू सुनेच्या हाती कशी द्यायची? कस्तुराबाईनं माळ देवळीत भैरोबाच्या तसबिरीखाली टांगली आणि मणी सरकवायचं काम स्वतःकडे घेतलं. लाल मणी आला की ती मुलाचं, बब्रुवानचं, अंथरूण खळ्यावर नेऊन टाकी. तो मान खाली घालून निघे आणि गल्लीतल्या बाया पदराआड हसत. शिस्तीत कसूर म्हणून नव्हती.

तरीही सारजाला दिवस राहिले.

म्हातारी नर्सबाईंवर तुटून पडली. माळ खोटी, सरकार खोटं, सगळेच खोटे. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, पहिला मणी कधी सरकवत होता?

"सारजा न्हाऊन घरात आल्यावर," कस्तुराबाई म्हणाली. "इटाळाचे दिवस देवापुढं कसे मोजायचे?"

बाईंनी कपाळाला हात लावला. भैरोबाच्या मानापायी दर महिन्याला चार दिवस गळत होते. माळेवर हिरवा मणी असायचा आणि सारजाचे धोक्याचे दिवस केव्हाच लागलेले असायचे. म्हातारीनं ते चार दिवस बोटांवर दोनदा मोजून पाहिले.

सारजा वाचली, कशी, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मूल मात्र गेलं.

काही महिन्यांनी सारजाला पुन्हा कावळा शिवला. ती सवयीनं पडवीकडे निघाली, तर कस्तुराबाईनं चक्क हात धरून तिला देवळीपुढे आणलं आणि भैरोबाची तसबीर भिंतीकडे फिरवली.

"देवा, जीव हिचा जातुया, तुमचा न्हाय. चार दिवस तिकडं तोंड करून बसा."

सारजानं पहिला मणी सरकवला, आणि म्हातारी आंघोळीला गेली.