बेसमधून गेलेला एक

मी शिकवते त्या कॉलेजच्या लॅबमध्ये आज सोल्डरिंगचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीची कात्रपच्या घरातली संध्याकाळ आठवली. डिप्लोमाचा राहिलेला पेपर उद्यावर होता आणि ट्रान्झिस्टरच्या तीन पायांतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचं गणित सुटत नव्हतं. उल्हासनगरच्या वर्कशॉपमध्ये सर्किटवर ट्रान्झिस्टर जोडणारी आई नुकतीच घरी आली होती. तिच्या साडीलाही हाच वास होता.

"एमिटरमधून शंभर आत," मी पुटपुटत होते, "कलेक्टरमधून नव्याण्णव बाहेर."

"मग एक कुठं गेला गं?" चौथी शिकलेल्या आईनं विचारलं.

"तुला नाय कळणार!" मी खेकसले. ती भाकऱ्या करायला उठली.

मग उमगलं, तिसऱ्या पायातून, बेसमधून, जाणारा तो एक मी धरलाच नव्हता. गणित सुटलं. मी आत गेले, पण 'तू विचारलंस ते बरोबर होतं' असं काही म्हणवेना. नुसतीच तिच्याजवळ बसून राहिले. आज म्हणावंसं वाटतं, तर ती नाही.