दुसऱ्या रविवारची हरकत

नववीच्या मुलांना विवाह-संस्काराचा पाठ शिकवू नये, असं माझं आजही ठाम मत आहे. बाप्तिस्मा शिकवा, प्रायश्चित्त शिकवा, स्वर्ग-नरक शिकवा. मुलं ऐकतात, जांभया देतात आणि घंटा झाली की विसरून जातात. लग्न म्हटलं की मात्र मागच्या बाकांचेही कान टवकारतात. ऐकलेलं ती कुठे जाऊन वापरतील याचा नेम नाही.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. मी बारामतीत एका मिशनच्या शाळेत इतिहास शिकवत होते. शुक्रवारी शेवटच्या तासाला वर्गाची वाटणी व्हायची. कॅथलिक मुलं माझ्याकडे धर्मशिक्षणाला आणि बाकीची शेजारच्या खोलीत नीतिशिक्षणाला. हा विषय मला घरातूनच आलेला. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, नगर जिल्ह्यात मिशनचे धर्मशिक्षक होते. सायकलवरून वाड्यावस्त्यांवर जाऊन प्रार्थना शिकवायचे, लग्न ठरलेल्या पोरापोरींना संस्काराचा अर्थ समजावून सांगायचे. त्यांचं ऐकून ऐकून मला सगळं पाठ होतं. पुस्तक न उघडता शिकवते, याचा थोडा तोराही होता.

त्या हिवाळ्यात मात्र मला एका जागी बसवत नव्हतं. शिकवताना खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची, खडू मोडायची, मुलांवर उगाच खेकसायची. एमआयडीसीतली पाळी सुटली की मोटरसायकलींचा जथा शाळेवरून जायचा आणि मी वाक्य अर्धं सोडून त्यांच्याकडे बघत राहायची. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर एकदा म्हणाल्या, "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का गं?" मी हसून वेळ मारून नेली.

कारण साधं होतं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचं एक स्थळ घरी आलं. मुलगा कंपनीत होता. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मग पोह्यातले शेंगदाणे बशीच्या कडेला काढत बसला. नोकरी चालणार नाही, असं त्याच्या आईनं चहा पिता पिताच सांगून टाकलं. दादांनी ती मंडळी उठायच्या आत शब्द दिला, आईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं होत नाहीत, म्हणून तो लागण्याआधी बार उडवायचं ठरलं. मला कुणी काही विचारलं नाही. माणूस वाईट असेल असं मला वाटलं नाही, पण मला ते लग्न नको होतं. ही शाळा, हा पगार, ही माझी भाड्याची खोली सोडून पुण्याच्या कुणाच्या तरी ओट्यापुढे उभं राहायचं या विचारानंच मी रात्री उठून घासलेली भांडी परत घासत बसायची. आणि हे बोलायचं कुणाजवळ? आमच्या घरात मुलींच्या गप्प बसण्यालाच होकार म्हणतात.

अशा अवस्थेत अभ्यासक्रमात विवाह-संस्कार आला. मी नेहमीसारखा घडाघडा शिकवला. लग्न फादर लावत नाहीत, नवरा-नवरी एकमेकांशी लावतात; फादर फक्त साक्षीदार. दोघांची संमती मोकळी पाहिजे. धाकानं, दडपणानं किंवा न विचारता घेतलेली संमती ही संमतीच नव्हे आणि अशानं लग्न लागतच नाही. मग तीन रविवारी चर्चमध्ये होणाऱ्या जाहीर सूचनेबद्दल सांगितलं: अमक्याचं तमकीशी लग्न ठरलं आहे, कुणाला काही अडथळा ठाऊक असेल तर त्यानं कळवावं.

"म्हंजी लग्नाची दवंडी!" एक पोरगा ओरडला आणि वर्ग खिदळला.

तेवढ्यात मागून एक हात वर आला. ही मुलगी वरकुट्याची, आमच्या वसतिगृहात राहणारी. आज्याच्या काळात त्यांच्याकडे मेंढरं होती, आता ऊस आणि डाळिंब. ती कॅथलिक नव्हती. तिनं बसायचं शेजारच्या खोलीत. पण तिथे सुविचार उतरवून घ्यावे लागतात आणि इथे भांडता येतं, म्हणून घरच्यांना विचारून ती माझ्याकडे यायची.

"बाई, हे फेरफारासारखंच झालं की," ती म्हणाली. "तलाठी चावडीवर नोटीस लावतो, कुणाची हरकत असंल तर सांगा म्हणून. आमच्या आत्तीला न इचारता जमिनीवरनं तिचं नाव काढाया निघालं हुतं. आत्तीनं हरकत घेतली. फेरफार तितंच थांबला."

उदाहरण इतकं चपखल होतं की मी खूश झाले. "अगदी तसंच," मी म्हटलं.

"मंग चर्चमदी हरकत कुणीबी घ्यावी का?"

"ज्याला ठाऊक आहे त्यानं घ्यायलाच पाहिजे. गप्प बसणं चूक आहे."

ती खाली बसली नाही. माझं लग्न ठरल्याचं शाळाभर झालेलं होतंच. "बाई, तुमाला इचारलं का?"

"वही काढ आणि संस्कार ओळीनं लिही," मी ओरडले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आणि स्वतःवर आलं की वही काढ! तिनं निमूट वही काढली.

पहिल्या रविवारी फादरांनी सूचना वाचली. म्हातारे फादर पुस्तकी, सावकाश मराठी बोलायचे. माझं नाव वाचायला त्यांना इतका वेळ लागला की सगळ्या माना माझ्याकडे वळून झाल्या. पुढचा आठवडा मी कसा काढला मलाच माहीत. शनिवारी इंदापूरच्या दोन-तीन घरांतल्या मुलांना प्रार्थना शिकवायला एसटीनं गेले, तर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी मुंगीच्या पावलानं चालली. एरवी मी वैतागले असते. त्या दिवशी वाटलं, हा रस्ता असाच लांबत जावा आणि रविवार उजाडूच नये.

दुसऱ्या रविवारी दादा स्वतः आले. शाळेत पत्रिका द्यायच्या होत्या. धुवट धोतर-टोपीत ते पहिल्या बाकावर बसले आणि गाण्याला सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच. वसतिगृहातल्या मुली मागे सतरंजीवर. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाली की त्यांना बाजारात जायची परवानगी मिळायची, म्हणून कॅथलिक नसलेल्याही येऊन बसत. शेवटच्या आशीर्वादाआधी फादरांनी चष्मा लावला, माझी सूचना वाचली, "कोणास काही अडथळा ठाऊक असल्यास" म्हटलं आणि कागद घडी करायला घेतला.

"फादर, माझी हरकत हाय."

मी वळून पाहायची गरजच नव्हती.

"कसली हरकत, बाळ?" फादरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाईंना कुणी इचारलंच न्हाय. आन् न इचारता लगीन लागत न्हाय, असं बाईंनीच शिकवलंय."

कुणीतरी फिसकन हसलं. सिस्टरांनी तिला हाताला धरून खाली बसवलं. दादांची मान ताठ, समोर वेदीकडे. मला लाज वाटत होती, संताप येत होता आणि त्या दोन्हींच्या खाली, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटत होतं. फादरांनी कागद खिशात ठेवला, आशीर्वाद दिला आणि आम्हा बापलेकींना वेदीमागच्या खोलीत बोलावलं.

दादा आत येता येताच म्हणाले, "लेकराचं काय मनावर घेता फादर? आन् ती तर आपल्यातलीबी न्हाय."

"हरकत आपल्यातल्यानेच घ्यावी असे मला कुठे वाचल्याचे स्मरत नाही," फादर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुला विचारले होते काय?"

"नाही," मी म्हटलं.

"अगं, पण तू तरी कुठं न्हाय म्हणलीस?" दादा कळवळून म्हणाले.

"विचारलंच नाही, तर नाही कशाला म्हणू?"

फादर दादांना म्हणाले, "मास्तर, आता विचारा."

दादांनी टोपी काढली. ज्यांनी गावोगावच्या पोरींना हाच धडा दिला, हाच प्रश्न विचारला, त्यांना आपल्या लेकीला तो विचारताना शब्द सापडेनात. शेवटी जमिनीकडे बघत म्हणाले, "करायचं का गं तुला हे लगीन?"

"नको, दादा."

मला वाटलं होतं, हे बोलताना माझा आवाज फुटेल, मी रडेन. तसं काही झालं नाही. दादाच खुर्चीवर बसले. बराच वेळ टोपीची कड बोटांत फिरवत राहिले आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आईलाबी न्हाय इचारलं कुणी."

जेवायला न थांबता दादा नगरच्या गाडीत बसले. पत्रिकांची पिशवी तशीच परत गेली. पुण्याच्या मंडळींनी आम्हाला काय काय म्हटलं ते सांगण्यासारखं नाही. भावकीत वर्षभर माझ्याच नावाचं दळण चाललं होतं. तिसऱ्या रविवारी फादरांनी सूचना वाचली नाही. शुक्रवारी वरकुट्याची पोरगी तासाला आली ती थेट माझ्या टेबलापाशी. तोंडावर भीतीबिती काही नाही.

"बाई, हरकत मंजूर झाली का?"

"झाली," मी म्हटलं. "आता जागेवर बस."

दादांनी मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा ते सायकल घेऊन वस्तीवर गेलेले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मला वाटलं, आता मला ऐकावं लागणार. पण ती वेगळंच सांगायला लागली. त्या रविवारी दादा अंधार पडताना घरी आले, चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि तिला म्हणाले, "तुला तवा इचारलं असतं, तर काय म्हणली असतीस?"

"मग? काय म्हणालीस तू?" मी विचारलं.

"काय म्हणणार बाई? म्हणलं, हातपाय धुवा आधी, भाकरी गार हुतीय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, कडेनं दाबली, फुगेपर्यंत बघत राहिली.

"मला वाटलं, जेवल्यावर परत इचारतील," आई म्हणाली. "मी वाट बघत हुते."