नंबर जुळतो, असं लिहिण्याआधी

जुनी गाडी विकायला काढली की माणूस खोटं बोलतोच असं नाही, खरं जरा कमी बोलतो! डिचोलीला दत्तामामांच्या गॅरेजात विक्रीच्या गाड्यांची माहिती लिहायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे असे किस्से साठतच गेले. मामा मूळचे पेडण्याचे मिस्त्री. त्यांचा नियम एकच: बदललेला प्रत्येक पार्ट कागदावर आला पाहिजे.

*

म्हापशाचे एक डॉक्टर गाडी घेऊन आले. बॉडी पूर्ण ओरिजिनल आहे, तसं लिहा म्हणाले. मामांनी दाराला लोहचुंबक लावला. तो चिकटलाच नाही, टपकन खाली पडला. पत्र्याच्या जागी नुसती लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरलेली. डॉक्टरांनी चुंबक उचलून मामांना परत दिला. मग म्हणाले, "बरं, लांबी ओरिजिनल आहे असं लिहा."

*

पेडण्याकडच्या चोपड्याच्या एक बाई नवरा गेल्यावर त्याची गाडी विकत होत्या. इंजिन बदललेलं, त्यामुळे भाव उतरेल, हे मी चाचरत सांगितलं.

"लिही रे," त्या म्हणाल्या. "जुना इंजिन वाटेत बंद पडायचा. ह्या इंजिनान त्यांका तीनदा हॉस्पिटलात पोचवल्यान."

मी ते तसंच लिहिलं. आठवड्यात गाडी गेली!

*

मग आमच्याच घरची गाडी विकायची वेळ आली. पोर्तुगीज अमदानीत आलेली, वडलांचा जीव की प्राण. मी ऐटीत लिहिलं: इंजिन ओरिजिनल, नंबर कागदाशी जुळतो. पुण्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं.

मामांनी कागद वाचला, बॉनेट उघडलं आणि इंजिनावरच्या नंबरावर बोट ठेवलं.

"ह्यो नंबर माझ्या हातचो," ते म्हणाले.

जुनं इंजिन पुराच्या पाण्यात गेलं होतं. दुसरं बसवून त्यावर जुनाच नंबर ठोकायला वडलांनी सांगितलं. मामा तेव्हा धंद्यात नवे, त्यांना नाही म्हणवलं नाही. त्यांचा तो नियम त्यानंतरचा.

त्या दिवशी मला एका जागी बसवेना. घरातून गॅरेजात, गॅरेजातून घरी. वडील हयात नव्हते, मामा कुणाला सांगणार नव्हते. ती ओळ मी कितीदा खोडली आणि पुन्हा लिहिली, देव जाणे.

सकाळी गिऱ्हाइकाच्या हातात कागद दिला. त्यावर होतं: इंजिन बदललेलं, नंबर नंतर ठोकलेला, माझ्या वडलांच्या सांगण्यावरून.

गृहस्थांनी दोनदा वाचलं. भिंग काढून नंबरावर धरलं, बराच वेळ. भाव पाडून का होईना, गाडी घेतली. किल्ली घेताना मात्र त्यांनी मामांना विचारलं, "हे लिहिलं नसतं, तर मला कळलं असतं?"

मामा हात पुसत म्हणाले, "नाय. माझा काम साफ असता."