पंप, व्हायोला आणि माझं पोट

आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप मी बिघडवला नाही. मी तो फक्त सेक्रेटरी या नात्याने, स्वतः समोर उभं राहून, खोलायला लावला. या दोन गोष्टींत फरक आहे, पण तो आमच्या बिल्डिंगमध्ये अजून एकालाही पटलेला नाही.

त्याचं असं झालं, की पन्नाशी उलटल्यावर मला व्हायोला शिकायची हुक्की आली. व्हायोला म्हणजे व्हायलिनचा थोरला भाऊ. दिसायला तसाच, अंगाने जरा भरलेला आणि आवाजाने खर्जातला. (हे वाक्य मी नातेवाइकांना इतक्यांदा ऐकवलंय, की आता माझी बायको माधुरी फोनवर परस्पर तेच सांगून टाकते आणि विषय बदलते.) शिकवायला बोरीवलीत कुणी मिळेना, पण फोनवर एक ग्रुप सापडला. सगळे चाळिशीच्या पुढचे. कुणी नव्याने शिकणारे, कुणी लहानपणी सोडून आता परत हातात घेतलेले. एक काका तर थेट मस्कतहून यायचे.

ग्रुप चालवायच्या सांगलीच्या सुनंदाताई. आवाज साखरेसारखा आणि शिस्त मिलिटरीची! त्यांचा एकच नियम. महिन्याच्या ऑनलाइन बैठकीत एक अख्खी चाल न थांबता वाजवली, की तुम्ही 'वादक'. मध्ये थांबलात, की तुम्ही 'श्रोते'. मी वर्षभर श्रोता होतो. माझ्यानंतर आलेल्या, दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असलेल्या एक आजीसुद्धा वादक झाल्या आणि मी आपला टाळ्या वाजवतोय! खरं सांगतो, ऑफिसातल्या प्रमोशनसाठी मी कधी एवढा तळमळलो नव्हतो. मला वादक व्हायचं होतं. बस्स.

अडचण होती जागेची.

"हॉलमध्ये नाही हं," माधुरी म्हणाली, "माझी सिरीयल असते."

"बेडरूममध्ये?"

"आई पडलेल्या असतात."

"मग किचनमध्ये वाजवतो!"

"दूध नासेल," ती म्हणाली, आणि गंमत म्हणजे हसली नाही.

शिवाय बिल्डिंगमध्ये कुणाला कळू द्यायचं नव्हतं. पाचव्या मजल्यावरच्या पोराचा ड्रम मीच बंद पाडला होता, 'सोसायटीत वाद्यवादनास सक्त मनाई' अशी नोटीस लावून, खाली माझी झोकदार सही ठोकून. आता सेक्रेटरीच्याच घरातून वाद्य ऐकू आलं असतं, तर लोकांनी ती नोटीस काढून माझ्या कपाळाला चिकटवली असती. उरलं काय, तर बाथरूम. दार बंद, कडी लावलेली, मी प्लास्टिकच्या स्टुलावर आणि फोन वॉशिंग मशीनवर. आवाज असा काही घुमायचा, की मी स्वतःवरच खूश! रोज संध्याकाळी सुनंदाताईंनी दिलेला धडा मी इमानेइतबारे करायचो. सगळ्यात जाड तार, आणि तिच्यावर गज या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, न तुटता.

आता हे खरंय, की बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. आणि हेही खरंय, की त्या डक्टमध्ये साती मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. पण माणूस कला साधत असताना या गोष्टींचा विचार करत नाही.

पहिली तक्रार चेअरमन मेहताभाईंची आली. "सावंतभाई, पंप रडतोय."

"रडतोय म्हणजे?"

"एकदम दुखी आहे. संध्याकाळी पाणी चढवतो ना, तेव्हा कण्हतो. आमची मिसेस घाबरते यार."

मग तक्रारींची रांगच लागली. कुणी म्हणे पंप घोरतो, कुणी म्हणे अडलेल्या म्हशीसारखा ओरडतो. मी प्रत्येकाला आश्वासन दिलं, की जातीने लक्ष घालतो. आणि घातलं! पण रोज एकच तऱ्हा. मी रियाज करत असायचो, तेवढ्यात मेहताभाईंचा फोन यायचा. मी व्हायोला खाली ठेवून फोन उचलायचो.

"ऐका, ऐका, आत्ता चालू आहे! फोन डक्टला लावतो, ऐका!"

"काही नाही हो ऐकू येत."

"अरे! बंद झाला! साला, तुमचा फोन लागला की बंद होतो!"

"बघा, घाबरतो मला," मी म्हणायचो, फोन ठेवायचो आणि पुन्हा व्हायोला उचलायचो. (तुम्ही हसताय. पण व्हायोलाच्या आवाजाला कुणी म्हैस म्हणेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. उलट त्या बिचाऱ्या पंपाची मला दया यायची.)

शेवटी मी मुन्ना मिस्त्रीला बोलावलं. त्याने पंपाला कान लावला, टिचकी मारली आणि डोळे मिटून निदान केलं, "बेअरिंग गया साहब. गॅरंटी."

"आवाज तर येत नाहीये आत्ता?"

"वही तो! अंदर से गया है."

इतक्या आत्मविश्वासाने बोलणाऱ्या माणसापुढे काय बोलणार? रविवारी सकाळी पंप खोलायचं ठरलं. आणि त्याच रविवारी अकरा वाजता आमची ऑनलाइन बैठक होती. या खेपेला चाल बसली होती. आई, म्हणजे माझी मालवणी मातोश्री, तीसुद्धा आदल्या दिवशी म्हणाली होती, "आज जरा कमी रडलंस." घरात मिळालेली ही सर्वात मोठी दाद. या बैठकीत वादक झालो नाही, तर कधीच होणार नाही, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली होती.

रविवारी पंपरूमसमोर जत्रा! पंपाचे सगळे अवयव वर्तमानपत्रावर मांडलेले, भोवती अर्धी सोसायटी, पाणी बंद. अकराला थोडी मिनिटं कमी असताना मी पोटावर हात ठेवला.

"मेहताभाई, जरा वर जाऊन येतो. सकाळपासून पोट बरं नाहीये."

"जा, जा, आरामात जा! बाथरूमला पाणी आहे ना?"

"बालदी भरून ठेवलीय," मी म्हणालो आणि धूम ठोकली.

बैठकीत माझं नाव पुकारलं गेलं. आठ-दहा चेहरे पडद्यावर. सुनंदाताई म्हणाल्या, "सावंत, काहीही झालं तरी थांबायचं नाही. भूकंप झाला तरी." मी मान डोलावली, श्वास घेतला आणि जाड तारेवर गज टेकवला.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. पंप तुकड्यातुकड्यांत पडलेला, आणि तरी तो कण्हायला लागला! मुन्नाच्या हातातला पाना गळून पडला. मेहताभाईंच्या मिसेसनी देवाचं नाव घेतलं. मग कुणीतरी हुशारी केली. "अहो, आवाज पंपातून नाही, डक्टमधून येतोय! वरच्या बाथरूममधून!"

सगळ्यांनी एकदम वर बघितलं. आणि मग मेहताभाई ओरडले, "अरे देवा! सावंतभाई! त्यांचं पोट!"

ही आरोळी मात्र मला डक्टमधून स्वच्छ ऐकू आली. पण मी तेव्हा दुसऱ्या ओळीवर होतो. थांबायचं नाही! धडधड जिना चढल्याचे आवाज आले. बेल वाजली. पाठोपाठ बाथरूमच्या दारावर थापा!

"सावंतभाई! दार उघडा! डॉक्टर आणलाय!" (डॉक्टर पाध्ये दातांचे. पण डॉक्टर तो डॉक्टर.)

"अहो, ते बरे आहेत," माधुरी म्हणत होती. बिचारीला खरं सांगता येईना.

"वहिनी, माणूस असा कण्हतोय आणि बरा कसा?"

"त्यांचं... रोजचंच आहे हो ते."

"रोजचं? आणि तुम्ही कुणाला दाखवलं नाही?" पाध्ये भडकले. "मुन्ना, कडी तोड!"

तिसरी ओळ संपत आली होती. उत्तर द्यावं, तर सूर तुटतो. न द्यावं, तर कडी तुटते. मी आवाज देण्याऐवजी जरा जोरात वाजवलं, म्हणजे कळेल की मी ठीक आहे. बाहेर एकच हलकल्लोळ! "वाढलं! दुखणं वाढलं! लवकर तोड रे!"

तेवढ्यात आईचा आवाज आला. "अरे मेल्यांनो, तेका काय्येक झाला नाय! तो वाजवता हा! वरसभर ह्याच चल्ला हा घरात!"

आणि कडी तुटली. दार उघडलं. दारात मेहताभाई, पाध्ये, हातात पाना घेतलेला मुन्ना आणि मागे माना उंच करणारी अर्धी सोसायटी. आत बनियन घातलेला सेक्रेटरी, स्टुलावर बसून, हनुवटीखाली व्हायोला. मी डोळे मिटले. शेवटचा सूर उरला होता. तो मी या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, न तुटता ओढला.

फोनमधून टाळ्या आल्या! "वादक!" सुनंदाताई म्हणाल्या. "अभिनंदन सावंत! आणि बाई गं, श्रोते किती जमवलेत!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. दारातल्या एकानेही टाळी वाजवली नाही. पाध्यांनी मात्र आता आलोच आहोत म्हणून माझी नाडी बघितली. त्याच संध्याकाळी पाचव्या मजल्यावरचा ड्रम पुन्हा सुरू झाला आणि मी तोंडातून शब्द काढला नाही.

मुन्नाने पंप जोडला. दोन नट उरले. "ये एक्स्ट्रा थे," तो म्हणाला. त्या दिवसापासून आमचा पंप खरोखर कण्हतो. रोज संध्याकाळी, अगदी खर्जात. पण आता तक्रार कुणी करत नाही, कारण तो मीच आहे अशी सगळ्यांची खात्री आहे.

परवा आम्ही कुर्ल्याला मेव्हणीकडे दिवसभर जाऊन परत आलो, तर लिफ्टमध्ये मेहताभाई भेटले. त्यांनी माझा हात हातात घेतला. "सावंतभाई, आज संध्याकाळी झकास वाजवलंत! मिसेस पण म्हणाली, आता कुठे सूर लागला."

माधुरी लिफ्टच्या छताकडे बघत होती. मी मान झुकवून 'थँक्यू' म्हणालो. बिल्डिंगमधली ती माझी पहिली दाद! आता ती टिकवायची, तर पंपाच्या तोडीचं वाजवायला हवं, आणि त्याला सुनंदाताईंच्या मते अजून निदान दोन वर्षं लागतील.